खाकी पुठ्ठ्याची आतली बाजू

पुस्तकांना कव्हर घालणं हा माझा जुना आजार आहे. बडोद्यात आम्ही त्याला पुठ्ठे चढवणं म्हणतो. खाकी कागद, मैद्याची खळ, कडा दुमडायला लाकडी पट्टी, पाठीवर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर काळ्या शाईत क्रमांक. एकदा बसले की जेवणाखाण्याची शुद्ध राहायची नाही. नवरा म्हणायचा, हिला लग्नात मंगळसूत्राऐवजी खळीचं भांडं दिलं असतं तरी चाललं असतं. मला ते कौतुकच वाटायचं.

शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे आलं तेही यामुळेच. पाणीगेटच्या अलीकडे आमची मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा होती, पहिली ते सातवी. मी तिसरीची वर्गशिक्षिका. आधीच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचं अक्षर चांगलं आहे आणि हात नीटनेटका आहे. ग्रंथालय तुम्ही बघा." वाचनाची आवड आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही ते विचारायला हवं होतं असं तेव्हा वाटलं नाही.

ग्रंथालय म्हणजे मैदानाच्या कडेची एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी आणि साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं. दर शनिवारी ओळीने सगळ्या वर्गांची पाळी. मुलं दोन प्रकारची होती. निम्मी शहरातल्या जुन्या मराठी घरांतली, ज्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांची तलवार अजून कुठल्यातरी काकांकडे होती. उरलेली प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधली, ज्यांचे वडील वर्कशॉपमधल्या नोकरीसाठी खानदेशातून आले होते आणि सायकलवर डबा लावून कामाला जायचे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं असं नाही. वाचावंसं वाटत नव्हतं.

आणि वाटावं तरी कसं? मी सगळ्या पुस्तकांना एकच खाकी गणवेश चढवला होता. वाघाचं चित्र, परीचं चित्र, बोटीचं चित्र, सगळं माझ्या कागदाखाली गाडलेलं. मुलं कपाटासमोर उभी राहायची आणि विचारायची, "बाई, कोणतं घेऊ?" मी त्यांना माझ्या मते चांगलं पुस्तक द्यायचे. त्यातही क्रमांक एकशे बारा माझं विशेष लाडकं. एका धरण बांधणाऱ्या इंजिनियरचं चरित्र, चांगलं जाडजूड, शिवणीची बांधणी. "हे वाच, आयुष्यभर लक्षात ठेवशील," असं सांगून मी ते पोरांच्या हातात कोंबायचे. सोमवारी ते जसंच्या तसं परत यायचं. पान न उघडलेलं पुस्तक मला लगेच ओळखू यायचं आणि खरं सांगायचं तर त्याचा एक प्रकारे आनंदही व्हायचा, कारण ते स्वच्छ असायचं.

त्या वर्षी, म्हणजे शाळाशाळांतून कॉम्प्युटर यायला लागले त्या काळात, पावसाळा संपत आला असताना मुख्याध्यापकांनी मला पुन्हा बोलावलं. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला चार कॉम्प्युटर द्यायचं कबूल केलं होतं. ते ठेवायला धूळ नसलेली, जाळीच्या खिडक्यांची खोली हवी होती आणि तशी खोली एकच होती.

"बाई, पालक आता विचारतात कॉम्प्युटर आहे का. ग्रंथालय आहे का, असं कोणी विचारत नाही," ते म्हणाले.

"आणि माझी कपाटं?"

"अडगळीच्या खोलीत ठेवू. लागतील तेव्हा काढता येतील."

अडगळीच्या खोलीत स्नेहसंमेलनातले पुठ्ठ्याचे मुकुट, मोडकी बाकं आणि एक तीन पायांचा हार्मोनियमचा स्टँड होता. तिथे गेलेली वस्तू परत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मी चिडले. मी चिडले की माझा आवाज बारीक होतो, ते मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "बरं, उत्तराणपर्यंत बघू. मुलं खरोखर वाचतायत असं मला दिसलं, तर काहीतरी मार्ग काढू." उत्तराण म्हणजे आमची पतंगांची संक्रांत. माझ्या हातात चार महिने होते.

मग एक चमत्कार झाला. पुस्तकं जायला लागली. आधी पाचवीत, मग चौथीत, मग थेट दुसरीपर्यंत. मुलं कपाटासमोर यायची, पुस्तक काढायची, मागून उघडून क्षणभर बघायची आणि एकतर ठेवून द्यायची किंवा छातीशी धरून माझ्या टेबलाकडे पळत यायची. एका शनिवारी तर एका पुस्तकावरून चौथीतल्या दोघींच्या वेण्या ओढण्यापर्यंत पाळी गेली आणि मला भांडण सोडवताना मनातून हसू येत होतं. एकशे बारासुद्धा जायला लागलं. एक मुलगा घेऊन गेला, परत आणलं, दुसरी घेऊन गेली, तिसरा. धरणाचं चरित्र दहा वर्षांची पोरं आपणहून मागतायत म्हटल्यावर मी हवेतच होते. शिक्षकांच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की चांगलं पुस्तक चिकाटीने समोर ठेवलं की मुलं ते स्वीकारतात. हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून कान गरम होतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी पुस्तकांची मोजदाद केली. बाहेर फक्त दोनच होती. एक सुट्टीआधी परत येणार होतं, दुसरं एकशे बारा. माझ्याच वर्गातल्या एका मुलीने नेलं होतं आणि तिला कांजिण्या निघाल्या होत्या. बाकी सगळी जागेवर. एका पुस्तकाचा पुठ्ठा सुटला होता म्हणून मी पुस्तक मागून उघडलं, तर आतल्या बाजूला, मागच्या दुमडीवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं.

"पान १९ वर वाघ येतो पण काही करत नाही. घाबरू नका."

मी दुसरं पुस्तक उघडलं. "पहिली चार पानं कंटाळा. मग फार मजा." तिसरं. "जेवताना वाचू नका. यात जळवा आहेत." चौथं. "शेवट आधी बघू नका. मी बघितला आणि पस्तावले." मी टेबलावर पुस्तकांचा ढीग करत गेले आणि माझं डोकं तापत गेलं. माझ्या स्वच्छ खाकी कागदावर, माझ्या खळीने चिकटवलेल्या दुमडीवर कोणीतरी महिनोन् महिने लिहीत होतं. अक्षरांना वरची रेघ नव्हती. आमच्याकडची काही मुलं गुजराती पाट्या वाचून वाचून मराठीही तसंच, डोक्यावर रेघ न देता लिहायची. पण इतकं बारीक आणि सरळ लिहिणारी एकच होती.

ती पाचवीतली, रेल्वे क्वार्टर्समधली. शांत मुलगी, कोपर फाटलेला स्वेटर घालणारी, दर शनिवारी पहिली येणारी. मी तिला बोलावलं आणि ढीग तिच्यासमोर सरकवला.

"हे तू लिहिलंस?"

"हो, बाई."

"पुस्तकात लिहायचं नाही हे माहीत नाही तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. उद्धटपणा नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता. "पुस्तकात नाही लिहिलं बाई. पुठ्ठ्यावर लिहिलं. पुठ्ठा तर तुमचा आहे ने, पुस्तकाचा नाही."

हे उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी तिला सांगितलं की वर्ष संपेपर्यंत तुला पुस्तक मिळणार नाही. तिने मान हलवली. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. दप्तरातून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, अर्धं वाचून झालेलं असणार, कारण त्यात खुणेला बसचं तिकीट होतं. तिकीट काढून घेऊन ती गेली. त्या क्षणी मी जिंकले असं मला वाटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळी पुस्तकं रिक्षाने घरी आणली. घरात फराळाचा घमघमाट आणि माझ्या टेबलावर खळीचं भांडं. एकेका पुस्तकाचा जुना पुठ्ठा सोलून काढायचा, नवा चढवायचा. एकही पान मी वाचलं नाही, दुमडीवरचंसुद्धा नाही. जुन्या कागदांचा भारा भाऊबीजेला पस्तीवाल्याच्या लारीवर, म्हणजे रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेला. सुट्टी संपली तेव्हा कपाटं उघडून मी दोन पावलं मागे सरकून बघितलं. इतकं सुंदर ग्रंथालय शहरात दुसरं नसेल.

पहिल्या शनिवारी फार कोणी पुस्तक घेतलं नाही. सुट्टीचा आळस असेल म्हटलं. दुसऱ्या शनिवारीही नाही. मुलं यायची, मागून उघडायची, ठेवून द्यायची. तिसऱ्या शनिवारी दुसरीतली एक बुटकी मुलगी सतरंजीवर बसून ओळीने पुस्तकं उघडत होती. सात-आठ झाल्यावर तिने मान वर केली आणि तक्रार करावी तसं म्हणाली, "बाई, ह्यात तर काही लखेलंच नाही."

लिहिण्याला लखणं म्हणणारी ती मुलगी त्यावेळी साधं जोडाक्षर वाचताना अडखळायची. पण दुमडीवरची ती एक ओळ वाचायला ती शिकली होती. मी टेबलाशी बसूनच राहिले. माझ्या चिकाटीने काहीही झालं नव्हतं. पुस्तक कसं आहे हे त्यांना त्यांच्यातलीच एक मुलगी सांगत होती आणि मी तिचा प्रत्येक शब्द लारीवर घालून दिला होता. दुपारी मी खरोखर पस्तीवाल्याच्या दुकानात जाऊन आले. तो हसला. महिन्यापूर्वीचा कागद कुठे असतो, बेन?

उत्तराणला सहा आठवडे राहिले होते. सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला शोधलं. ती नळाजवळ डबा धूत होती. मी सव्वीस वर्षं शिकवत होते आणि या वाक्याची मला सवय नव्हती, म्हणून ते भलत्याच घाईने बाहेर पडलं. "माझं चुकलं. तुला पुस्तकं बंद केली ते चुकलं आणि पुठ्ठे फाडले तेही. तू पुन्हा लिहिशील का?"

तिने डब्यातलं पाणी झटकलं. "मला आता आठवत नाहीत बाई. परत वाचावी लागतील." मग थोडा विचार करून म्हणाली, "तुम्हीच लिहा ने. तुमची तर सगळी वाचलेली असतील."

मला कोणाचाही टोमणा लागला नसता तेवढं हे लागलं, कारण हा टोमणा नव्हताच. तिला तसंच वाटत होतं. साडेतीनशे पुस्तकं मी दोनदा पुठ्ठ्यात बांधली होती. कोणत्या क्रमांकाचं पुस्तक कोणत्या खणात, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. आत काय आहे हे विचारलं असतं तर वीस-पंचवीस पुस्तकांच्या पुढे मी गेले नसते.

"नाही वाचलेली," मी म्हणाले.

तिला धक्का वगैरे काही बसला नाही. "मग वाटून घेऊ," ती म्हणाली. "डावं कपाट माझं, उजवं तुमचं."

अशी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी मुलांची पुस्तकं वाचायला लागले. कुकर लावून स्वयंपाकघराच्या ओट्याशी, बस स्टॉपवर, पेपर तपासायचे सोडून. शनिवारी आम्ही दोघी पेन्सिली घेऊन बसायचो. माझी पहिली ओळ मी मोठ्या झोकात लिहिली, "या पुस्तकातून कष्टाचे महत्त्व समजते." तिने ती वाचली आणि माझी अडचण होऊ नये अशा बेताने हळू म्हणाली, "बाई, असं लिहिलं तर कोणी नाही घेणार. ह्यात ती बोट बुडते ने, ते लिहा." मी खोडलं आणि लिहिलं, "बोट बुडते. कुत्रा वाचतो." पुढच्या शनिवारी ते पुस्तक गेलं. मला पगारवाढ झाल्यावर एवढा आनंद झाला नव्हता.

पंधरा-वीस पुस्तकांनंतर बाकीची मुलंही लिहू द्या म्हणून मागे लागली. मी पेन्सिल दोऱ्याने कपाटाला बांधून टाकली. दुमडीवर भांडणंही व्हायला लागली. "यात मजा नाही." त्याखाली दुसऱ्याचं, "तुला कळली नाही." एकाने नुसतंच लिहिलं होतं, "मी रडलो. सांगू नका." ते कोणाचं, हे मला अक्षरावरून कळलं आणि मी आजवर सांगितलेलं नाही.

उत्तराणनंतरच्या शनिवारी मुख्याध्यापक आले. दाराशी उभे राहून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "खोली द्यावी लागेल बाई. वायरमन म्हणतो दुसरीकडे जमणार नाही." माझा आवाज बारीक व्हायच्या आत ते पुढे म्हणाले, "पण कपाटं अडगळीत जाणार नाहीत. बाहेर व्हरांड्यात ठेवू."

खोली गेली याचं मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण व्हरांड्यात एक गंमत झाली. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायला बंदी होती. चार कॉम्प्युटर आणि चाळीस मुलं, म्हणजे एका वेळी आठ-दहा आत आणि बाकीची बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, अनवाणी, पाळीची वाट बघत. समोर माझी उघडी कपाटं. त्यांना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कधीकधी पाळी आलेला मुलगा हात वर करून सांगायचा, "दोन पानं राहिलीत, दुसऱ्याला पाठवा."

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, माझ्या वर्गातली ती कांजिण्यांवाली मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत एकशे बारा घेऊन आली. तिच्या आईने रोग पसरू नये म्हणून पुस्तक माळ्यावर टाकलं होतं आणि मग विसरली होती. "मम्मीने सॉरी सांगितलंय," असं म्हणून ती पळाली.

एकशे बारावर अजून जुना पुठ्ठा होता. पस्तीच्या लारीवर न गेलेला तो एकटाच. मी मागून उघडला. रेघ नसलेली ती बारीक अक्षरं तिथे होती, मी तिला रागावले त्याच्या कितीतरी आधीची.

"हे पुस्तक बाईंना फार आवडतं. कोणी घेत नाही म्हणून त्यांना वाईट वाटतं. एकदा तरी घरी न्या. नेलं की इथे खूण करा. वाचलं नाही तरी चालेल."

खाली नऊ खुणा होत्या. नऊ वेगवेगळ्या पेन्सिलींच्या, एक लाल खडूची. नऊ पोरांनी ते जड धूड दप्तरात घालून पाणीगेटपासून प्रतापनगरपर्यंत नेलं होतं आणि परत आणलं होतं, माझ्यासाठी. मी बैठकीत उभी राहून ज्याचा अभिमान सांगितला होता, ते हे होतं. मला फार लाज वाटली आणि तितकंच भरूनही आलं, आणि त्या दोन्हींत जास्त काय होतं ते मला अजून ठरवता येत नाही. कारण ते पुस्तकही मी वाचलेलं नव्हतं. त्याची बांधणी चांगली होती, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं.

त्या रविवारी दुपारी मी ते घेऊन बसले आणि शेवटपर्यंत वाचलं. कंटाळवाणं होतं. सोमवारी शाळेत नेलं तेव्हा पुठ्ठा बदलला नाही. कपाटाला बांधलेली पेन्सिल घेतली, नऊ खुणांच्या शेजारी दहावी केली आणि पुस्तक जागेवर ठेवलं.